धातू जळत नाही: दवाखान्याच्या कचऱ्याच्या भट्टीतून पारा, शिसं, कॅडमियम हवेत जाऊ नये म्हणून काय काय करायचं

मागच्या आठवड्यात चोपड्याकडचा एक पोरगा आमच्याकडे हेल्पर म्हणून लागला. पहिल्याच शिफ्टला चिमणीकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, धूर ते दिखत नही, मंग त्यामा काय से?" त्याला चहा पाजून तासभर समजावलं, आणि घरी आल्यावर वाटलं हे सगळं लिहूनच काढावं. कारण हे भट्टीवाल्याला लागतं, जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या भरणाऱ्या सिस्टरला आणि मावशींना लागतं, टेम्पोवाल्यालाही लागतं, आणि मला तरी मराठीत एका जागी कधी मिळालं नाही. मी १२ वर्षं दवाखान्यांच्या कचऱ्याच्या कॉमन प्लँटवर आहे, जळगाव-धुळ्याकडचे लहानमोठे दवाखाने आमच्याकडे कचरा देतात. जे हाताने केलंय तेच सांगतो.

धूर दिसत नाही याचा अर्थ काजळी नाही, कचरा नीट जळतोय. चांगलंच आहे ते. पण पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नाही. कापूस, गॉज, रक्त, मांस हे सगळं जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, थोडी राख उरते. धातूचं तसं होत नाही. धातू हे मूलद्रव्य आहे, तुम्ही ८०० डिग्रीला जाळा नाही तर १२०० ला, जेवढं शिसं आत गेलं तेवढंच शिसं बाहेर येणार. कुठून येणार एवढंच आपल्या हातात असतं: खालच्या राखेतून, फिल्टरच्या धुळीतून, गॅस धुणाऱ्या स्क्रबरच्या पाण्यातून, की चिमणीतून.

कुठला धातू कुठे जातो

लोखंड, तांबं, क्रोमियम, निकेल हे बहुतेक करून खालच्या राखेत बसून राहतात. पारा ३५७ डिग्रीला उकळतो, म्हणजे भट्टीच्या पहिल्या चेंबरमध्ये, जिथे कचरा जळतो तिथे, पडल्या पडल्या त्याची वाफ, आणि ती वाफ थेट शेवटपर्यंत जाते. कॅडमियम ७६५ च्या आसपास उकळतं. शिशाचं मात्र वेगळं आहे, नुसतं शिसं १७४९ डिग्रीला उकळतं म्हणजे आपल्या भट्टीत ते उकळायला नको, पण त्याला क्लोरीन भेटलं की त्याचं शिसं क्लोराइड होतं आणि ते साधारण ९५० ला उकळतं. आपला दुसरा चेंबर, जिथे पहिल्यातून आलेला गॅस परत जाळतात, तो १०५० ला चालतो. म्हणून पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, आणि शिसं एकत्र आत गेलं की शिसंही उडतं. कचऱ्यातलं क्लोरीन कमी करा असं नियम का सांगतात त्याचं हे एक कारण आहे, डायॉक्सिन नावाचं विष हे दुसरं.

मग गॅस थंड व्हायला लागला की शिसं आणि कॅडमियमची वाफ धुळीच्या कणांवर बसते, थंडीत पहाटे केळीच्या पानांवर दव धरतं तशी. बारीक कणांचं अंग वजनाच्या मानाने जास्त असतं, म्हणून सगळ्यात बारीक धुळीत, एक मायक्रॉनपेक्षा लहान कणांत, धातू जास्त भरलेला असतो. आणि तीच धूळ फुफ्फुसात खोल जाते, तीच गॅस गरगर फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या साध्या सायक्लोनमध्ये अडकत नाही. नुसता सायक्लोन लावून "धूळ पकडली" म्हणणाऱ्याने मोठे खडे पकडलेले असतात.

खरं काम दवाखान्यात आहे

भट्टीवर कितीही मशीन लावा, पारा आत येऊ न देणं हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्कं. हिशेब करून दाखवतो म्हणजे पटेल.

२०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत भट्टीच्या गॅसमध्ये पाऱ्याची मर्यादा आहे दर नॉर्मल घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅम पारा धरा, म्हणजे १००० मिलिग्रॅम. १००० भागिले ०.०५ म्हणजे २०,००० घनमीटर. ताशी १०० किलो जाळणाऱ्या भट्टीतून तासाला २००० घनमीटरच्या आसपास गॅस निघतो असं धरलं तर एका थर्मामीटरचा पारा १० तासांची सगळी मर्यादा खाऊन टाकतो, आणि तो काही १० तासांत हळूहळू जात नाही, दोन-चार मिनिटांत जातो. आता बीपीचं जुनं उभं मशीन घ्या, त्यात ८० ग्रॅम तरी पारा असतो. तोच हिशेब केला तर ८०० तास, म्हणजे दिवसरात्र भट्टी चालवली तरी महिन्याच्या वर. एक बीपी मशीन, एक पिशवी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका तालुक्याच्या गावच्या छोट्या दवाखान्यातून पिशव्या आल्या, उतरवताना आमच्या लोडरने हाक मारली. टेम्पोच्या पत्र्यावर तुरीच्या डाळीएवढे चमकणारे थेंब होते, गाडी जरा हलली की इकडून तिकडे पळायचे, एकमेकांना भिडून मोठे व्हायचे. बीपी मशीनची काच फुटली होती आणि कुणीतरी झाडूने गोळा करून कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत टाकलं होतं. त्या माणसाचा दोष मला वाटत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि टाकायला दुसरी जागाही दिली नव्हती. पण बाहेर ४४ डिग्री ऊन, पत्रा हाताला चटका देतोय, आणि त्या पत्र्यावर पारा. जेवढं गरम तेवढी वाफ जास्त. ड्रायव्हर दोन तास त्याच गाडीत बसून आला होता, काचा वर करून. मला आजही तो पत्रा आठवतो.

असं सांडलं तर काय करायचं ते आधी सांगतो. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, लेकरं आणि गरोदर बायका तिथून बाहेर काढा. झाडू लावू नका, व्हॅक्युम क्लिनर तर अजिबात नको, त्याने थेंबाचे शंभर थेंब होतात आणि वाफ वाढते. हातातली अंगठी, बांगड्या, गळ्यातलं सोनं काढून लांब ठेवा, पारा सोन्याला धरतो, जळगावच्या कुठल्याही सराफाला विचारा. ग्लोव्हज घालून दोन जाड पुठ्ठ्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलत एकत्र करा, सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्या, प्लास्टिकच्या बरणीत थोडं पाणी घालून त्यात सोडा आणि झाकण घट्ट लावा. फटीत राहिलेलं दिसत नसेल तर टॉर्च आडवी धरा, चमकतं. शेवटी फटीत गंधकाची पावडर टाका. पुठ्ठे, ग्लोव्हज, सिरिंज सगळं त्याच्याबरोबर वेगळ्या बंद पिशवीत. सिंकमध्ये काही धुवायचं नाही. बरणीवर "पारा" असं मोठ्या अक्षरात लिहा, ती घातक कचऱ्यात जाते, पिवळ्या पिशवीत नाही.

आता पिवळ्या पिशवीत काय जाऊ नये ते. पाऱ्याचं थर्मामीटर आणि बीपी मशीन झालंच. ट्यूबलाइट आणि सीएफएल, यात पारा मिलिग्रॅममध्ये असतो पण वॉर्डात डझनाने बदलतात, ते ई-कचऱ्यात द्या. डिजिटल थर्मामीटर आले आणि लोकांना वाटलं प्रश्न संपला, पण त्यात बटण सेल असतो, ग्लुकोमीटरमध्ये असतो, कानाच्या मशीनमध्ये असतो, आणि बिघडलेलं डिजिटल थर्मामीटर मी स्वतः पिवळ्या पिशवीत बघितलंय. सेल काढून वेगळ्या डब्यात. हाडातले रॉड, प्लेटा, स्क्रू निळ्या खोक्यात काचेच्या कचऱ्याबरोबर, त्यात क्रोमियम, निकेल, कोबाल्ट असतं. सुया पांढऱ्या डब्यात. आणि लाल पिशवीचं प्लास्टिक, म्हणजे सलाइनच्या नळ्या, युरिन बॅग, कॅथेटर, हे जाळायचंच नाही, त्यातला बराच माल पीव्हीसी असतो.

दातांच्या डॉक्टरांकडे कुणाचं लक्ष जात नाही म्हणून वेगळं सांगतो. चांदीचं फिलिंग म्हणतात त्या अमाल्गममध्ये जवळपास निम्मा पारा असतो. उरलेलं अमाल्गम, सक्शनच्या जाळीत अडकलेलं, आणि फिलिंग असलेला उपटलेला दात, हे तिन्ही जाळायला देऊ नका, घट्ट झाकणाच्या बरणीत साठवा. दातांच्या जुन्या एक्सरे फिल्मच्या पाकिटात शिशाची पातळ पत्री असते, ती पण काढून ठेवा, पंधरा सेकंदांचं काम आहे.

पोस्टरने हे होत नाही. आम्ही दवाखान्यांना पोस्टर वाटून पाहिले, कॅलेंडरच्या मागे गेले. मग प्रत्येक ठिकाणी तीन रिकाम्या बरण्या नेऊन ठेवल्या: एक सेलची, एक पाऱ्याची, एक अमाल्गमची, आणि सिस्टरच्या टेबलाच्या शेजारी, पिवळ्या डब्यापेक्षा जवळ. टाकायला सोपी जागा जवळ असली की माणूस तिथेच टाकतो. आमचा टेम्पोवाला महिन्यातून एकदा बरणीत डोकावतो, वर्षभर रिकामी राहिली तर आम्ही फोन करतो, कारण सेल संपतच नाहीत असा दवाखाना नसतो.

आणखी एक, पिशवी स्वतः. नियमाप्रमाणे पिशव्या क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकच्या पाहिजेत, पण बाजारात काय मिळेल सांगता येत नाही. तपासायची जुनी युक्ती आहे, आमच्याकडे पाइपच्या धंद्यातल्या एका काकांनी दाखवली. तांब्याची तार गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीला रंग येत नाही इतकी, मग ती गरम तार पिशवीला टेकवा म्हणजे थोडं प्लास्टिक तारेला चिकटेल, आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. उघड्यावर करा, वारा पाठीकडून येईल असे उभे रहा, नखाएवढा तुकडा बास.

तसंच पिवळ्या कचऱ्यावर हायपोक्लोराइड किंवा ब्लिचिंग ओतू नका. नियमातच आहे की जाळायचा कचरा क्लोरीनच्या जंतुनाशकाने भिजवायचा नाही, पण कोविडमध्ये जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही.

गेटवर आणि भट्टीत

पिशव्या गेटवर फोडून बघायच्या नाहीत, कधीच नाही. बारकोड स्कॅन करा, वजन करा, आणि आकाराच्या मानाने पिशवी जड लागली तर बाजूला ठेवून दवाखान्याला फोन. आम्ही हातात धरायचा मेटल डिटेक्टर घेतला, मॉलच्या दारात असतो तसा, तो सुया आणि मशीनचे तुकडे असलेली पिशवी बरोबर ओरडून सांगतो. मग ती पिशवी परत, आणि कुठून आली त्याची वहीत नोंद.

भट्टीत काय करायचं ते थोडक्यात. पहिला चेंबर ८०० च्या वर, दुसरा १०५० अधिक-उणे ५०, दुसऱ्यात गॅस निदान २ सेकंद राहिला पाहिजे, हे तर नियमच आहेत. धातूच्या दृष्टीने दोन गोष्टी सांभाळा. पहिला चेंबर उगाच १००० च्या पुढे नेऊ नका, जितकं गरम तितका धातू जास्त उडतो, आणि जाळायचं राहिलेलं काम दुसऱ्या चेंबरने करायचं असतं. दुसरं, खालून हवा जोरात मारू नका, राख उचलून गॅसमध्ये जाते आणि पुढचा सगळा भार फिल्टरवर येतो. एकदम दहा पिशव्या ढकलून अर्धा तास आराम करण्यापेक्षा दर दहा मिनिटांनी दोन-तीन टाका. आणि सायटोटॉक्सिक माल, म्हणजे कॅन्सरच्या औषधांचा कचरा, ज्या प्लँटला परवानगी नाही त्यांनी घेऊ नये, त्याला १२०० लागतात.

इमर्जन्सी चिमणी, म्हणजे लाइट गेली की दुसऱ्या चेंबरवरचं जे झाकण उघडतं ते. ते उघडलं की गॅस फिल्टर न होता थेट आकाशात. म्हणून झाकण उघडल्याबरोबर फीडिंग बंद होईल असं पॅनेलला इंटरलॉक करून घ्या, आणि किती वेळा उघडलं ते लिहा. आमच्याकडे उन्हाळ्यात लोड शेडिंग आलं की हेच व्हायचं. जनरेटर सुरू व्हायला लागणाऱ्या त्या दीड मिनिटासाठी आयडी फॅन (गॅस चिमणीकडे ओढणारा पंखा) आणि क्वेंचच्या (पाणी फवारून गॅस थंड करायच्या) पंपाला वेगळा बॅकअप घेतला, तेव्हा कुठे थांबलं.

गॅस थंड करणं

हे नीट झालं नाही तर पुढचं काहीच चालत नाही. गॅस १०५० वरून पटकन २०० च्या खाली आणायचा, ४५० ते २०० या पट्ट्यात रेंगाळला तर डायॉक्सिन परत तयार होतं. आणि धातू पकडायलाही थंडच पाहिजे, कारण पारा धरायला गॅसमध्ये कार्बनची पावडर सोडतात (ते पुढे सांगतो), आणि पारा गरम कार्बनला चिकटत नाही. आमचा बॅग फिल्टरच्या (गॅस कापडी पिशव्यांतून गाळतात त्याच्या) तोंडाशी १५० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. १८० च्या वर कार्बनचं काम ढिलं पडतं. १३० च्या खाली गेलं तर उलटा त्रास, आम्ल धरतं, फिल्टरच्या पिशव्या ओल्या होतात, धुळीचा चिखल होतो आणि पत्रा गंजतो.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे मे महिना. टाकीतलं पाणी दुपारी हाताला गरम लागतं, बोअरचं पाणी क्षाराचं, क्वेंचच्या नोझलमध्ये पांढरा थर बसतो आणि फवारा होण्याऐवजी धार लागते. धार लागली की अर्धा गॅस गरमच पुढे जातो आणि तापमानाचा मीटर मधल्या जागी असेल तर कळतही नाही. दर रविवारी नोझल काढून उजेडात धरून बघा, भोक गोल दिसलं पाहिजे. आम्ही टाकीवर शेडनेट टाकलं, केळीच्या रोपवाटिकेला वापरतात तेच, फरक पडला.

कार्बन आणि चुना

गॅसमध्ये पाऱ्याच्या दोन जाती असतात. एक पारा क्लोराइड, तो पाण्यात विरघळतो. दुसरा नुसता पारा, तो पाण्यात विरघळत नाही, स्क्रबरमधून सरळ निघून जातो. म्हणजे ज्या प्लँटवर फक्त पाण्याचा स्क्रबर आहे त्याने अर्धंच जाळं टाकलंय. त्यासाठी फिल्टरच्या आधी डक्टमध्ये ऍक्टिव्हेटेड कार्बनची पावडर सोडायची, ती फिल्टरच्या पिशवीवर थर धरते आणि गॅस त्या थरातून गाळून जाताना पारा आणि डायॉक्सिन दोन्ही धरले जातात. नुसत्या पाऱ्यासाठी गंधक लावलेला कार्बन जास्त चांगला, महाग आहे.

किती टाकायचा? एका घनमीटरला ५० ते २०० मिलिग्रॅम असा अंदाज धरतात. १०० धरलं आणि गॅस २००० घनमीटर असेल तर तासाला २०० ग्रॅम, २४ तासांना ४ किलो ८०० ग्रॅम. आता पडताळा अगदी सोपा आहे: महिन्याच्या शेवटी कार्बनच्या किती गोण्या संपल्या ते मोजा. भट्टी महिनाभर चालली आणि २५ किलोची एक गोणी अजून अर्धी आहे, तर पॅनेलवर काहीही लिहिलेलं असो, कार्बन पडत नव्हता. बहुतेक वेळा हॉपरमध्ये, म्हणजे पावडर भरायच्या टाकीत, कमान धरलेली असते, वरून भरलेलं दिसतं, खाली पोकळ. पावसाळ्यात जास्तच, पावडर ओल धरते. हॉपरवर रबरी हातोडीने दोन ठोके मारून आवाज ऐका आणि गोण्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा.

कार्बन नुसता सोडू नका, हायड्रेटेड चुन्यात मिसळून सोडा. चुना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ धरतो, आणि मुख्य म्हणजे कार्बन एकटा फिल्टरच्या हॉपरमध्ये साचला तर धुमसतो. हॉपरला बाहेरून हात लावल्यावर एका जागी जास्त गरम लागलं तर झाकण उघडू नका, हवा मिळाली की पेटतं. आधी फीडिंग थांबवा आणि वरिष्ठाला बोलवा.

बॅग फिल्टर, इथे जास्त वेळ द्या

शिसं, कॅडमियम आणि कार्बनला चिकटलेला पारा, तिन्ही इथेच थांबतात किंवा इथूनच सुटतात. कापड कुठलं आहे ते विचारून घ्या. साधं पॉलिस्टर १३०-१५० च्या वर टिकत नाही, ग्लास फायबरवर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पडदा असलेली पिशवी २६० पर्यंत टिकते. स्वस्तात पॉलिस्टर घेऊन एका लोड शेडिंगमध्ये सगळा सेट जळाल्याचं मी पाहिलंय.

नवीन पिशव्या बसवल्या की आधी चुना उडवून त्यांच्यावर थर बसवा, मग भट्टीचा गॅस सोडा. सुरू करताना फिल्टर गरम हवेने तापवून घ्या, थंड पिशवीवर ओला गॅस आला की पहिल्या दिवशीच छिद्रं बुजतात. डीपीचा मीटर, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक दाखवणारा, हा तुमचा नाडीपरीक्षेचा डॉक्टर. १०० ते १५० मिलिमीटर पाणी ही साधारण तब्येत. हळूहळू चढत गेला तर पिशव्या बुजतायत, पिशव्या झटकणारी पल्सची हवा कोरडी आहे का बघा, कॉम्प्रेसरचं पाणी सोडलं का बघा. आणि एका शिफ्टमध्ये एकदम खाली आला तर खूश होऊ नका, कुठेतरी पिशवी फाटलीय किंवा बायपास डँपर (फिल्टर टाळून गॅस सोडणारी झडप) नीट बसलेला नाही.

फाटलेली पिशवी शोधायची कशी ते सांगतो, हे मला फार उशिरा शिकायला मिळालं. चमकणारी पावडर मिळते, अतिनील टॉर्चखाली उजळणारी. भट्टी बंद, फक्त आयडी फॅन चालू, फिल्टरच्या आधी डक्टमध्ये पावडर सोडायची, पाच-सात मिनिटांनी फॅन बंद करून वरचं झाकण उघडायचं. हे रात्री करा. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा आत अंधार, टॉर्च मारली तर पिशव्या अडकवलेली सगळी प्लेट काळी, आणि तिसऱ्या ओळीत एका पिशवीच्या गळ्याभोवती हिरवी बारीक कड उजळली, चंद्रकोरीसारखी. पिशवी फाटलीच नव्हती. गळ्याची स्प्रिंगची रिंग नीट बसली नव्हती, अर्ध्या मिलिमीटरची फट. तीन महिने आम्ही चिमणीतून धूळ का येते म्हणून भट्टीचं तापमान वरखाली करत होतो. रिंग दाबून बसवायला दोन मिनिटं लागली.

स्क्रबरचं पाणी

कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा स्क्रबर उरलेलं आम्ल आणि पारा क्लोराइड धरतो. ते धरलेलं सगळं पाण्यात असतं हे लक्षात ठेवा. ते पाणी नाल्यात सोडलं तर चिमणीऐवजी पांझरेत, गिरणेत नाही तर तापीत धातू गेला, आणि पारा गाळात बसून तिथले जंतू त्याचा जो प्रकार करतात तो मासळीत साठतो. पाण्याचा पीएच ९ च्या आसपास आणून गाळ बसवा, पाऱ्यासाठी सल्फाइडचं औषध लागतं, वरचं पाणी परत क्वेंचला, गाळ घातक कचऱ्यात.

टेस्टिंगच्या दिवशी

बायोमेडिकलच्या नियमांत धातूंपैकी मर्यादा फक्त पाऱ्याची आहे. पण गावच्या कचऱ्याच्या भट्ट्यांसाठी २०१६ च्याच घनकचऱ्याच्या नियमांत कॅडमियम आणि थॅलियम मिळून ०.०५ आणि शिसं, आर्सेनिक, क्रोमियम वगैरे नऊ धातू मिळून ०.५ मिलिग्रॅम अशी मर्यादा दिली होती. मी लॅबला सांगून तेही करून घेतो, नळी एकदा चिमणीत गेलीच आहे तर थोडे पैसे जास्त लागले तरी चालतात, निदान शिसं कुठे चाललंय ते कळतं. धुळीचं सॅम्पल गॅसच्या वेगानेच ओढलं पाहिजे, आणि पाऱ्यासाठी शेवटच्या बाटल्यांत जांभळं पोटॅशियम परमँगनेट असतं. दोन तास तरी चाललं पाहिजे. जांभळ्या बाटल्या न आणता पाऱ्याचा रिपोर्ट देणारा माणूस दिसला तर विचारा.

रिपोर्ट आला की आधी ऑक्सिजनचा आकडा बघा. मर्यादा ११ टक्के ऑक्सिजनवर असते. डक्टला भोकं असतील, बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तर गॅस पातळ होतो आणि आकडा छान दिसतो. सूत्र सोपं आहे: मोजलेल्या आकड्याला १० ने गुणा आणि २१ वजा मोजलेला ऑक्सिजन याने भागा. समजा पारा ०.०३ आला आणि ऑक्सिजन १६ टक्के होता. ०.०३ गुणिले १० भागिले ५, म्हणजे ०.०६. पास वाटणारा रिपोर्ट नापास आहे. आमचा एक रिपोर्ट असाच होता, मीच पास म्हणून फाइलला लावला होता, आणि दुसऱ्या वर्षी हे सूत्र कळल्यावर जुना कागद काढून परत हिशेब केला तेव्हा रात्री झोप लागली नाही.

राख आणि धूळ

खालची राख आणि फिल्टरची धूळ एकत्र करू नका. फिल्टरच्या धुळीत कॅडमियम, शिसं, पारा एकवटलेला असतो, आणि जास्त चुना असला तर शिसं पाण्यात उलट जास्त सुटतं. दोन्हीची लीचिंग टेस्ट करा, म्हणजे पाण्यात किती धातू सुटतो ते कळतं. लिटरला शिसं ५, कॅडमियम १, पारा ०.२ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तो घातक कचरा, रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या परवानगी असलेल्या जागीच जाणार. भरावाला, रस्त्याला, विटांना नाही. आमच्याकडे एकदा शेजारच्या गावचा एक जण राख मागायला आला होता, शेताच्या बांधाला टाकायला, बिचारा फुकट मिळते म्हणून. त्याला बसवून समजावलं, त्याच्या विहिरीचं पाणी त्याचीच नातवंडं पिणार होती.

धूळ काढताना मास्क साधा कापडी नको, एन९५ तरी घाला, आणि अंगावरचे कपडे घरी नेऊ नका, शिसं कपड्यांवरून घरातल्या लेकरांपर्यंत जातं. पहिला पाऊस पडायच्या आत सगळे ड्रम शेडमध्ये घ्या, खाली पक्की फरशी, भोवती बांध.

आणि फिल्टरखालच्या धुळीचं वजन दर आठवड्याला करून वहीत लिहा, शेजारी त्या आठवड्यात किती किलो कचरा जळाला तेही. कचरा तेवढाच आणि धूळ अचानक कमी निघाली, तर ती कुठेतरी गेलीच आहे. त्याच रात्री टॉर्च आणि पावडर काढा.